साकोली : सडकेवरचे तहसीलगाव

भंडारा जिल्ह्याचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य सहसा पवनीपासून आरंभ करतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. १९६९-७० च्या उत्खननात तेथे जो बौद्ध स्तूप उजेडात आला त्याचे तेजच असे आहे की, जिल्ह्यातील अन्य स्थळे त्यापुढे आपोआप मागे सरतात. पवनी आटोपली की तो अंबागडाच्या किल्ल्याकडे वळतो, तेथून नवेगावच्या बांधावर जातो, कोहळी समाजाच्या जलसंचयकौशल्याची मुक्तकंठाने प्रशंसा करतो आणि भोसल्यांच्या अमदानीविषयी चार परिच्छेद लिहून लेखणी खाली ठेवतो. नवेगावच्या वाटेवर तो साकोलीच्या चौकातून गेलेला असतो, कदाचित तेथे चहाही प्यालेला असतो. पण या गावाचाही काही इतिहास असेल, अशी शंका त्याच्या मनास शिवत नाही. साकोलीस किल्ला नाही, शिलालेख नाही, कोणा राजवंशाचे सिंहासन तेथे कधी मांडले गेले नाही. किल्ला आहे तो दक्षिणेकडील सानगडीस. आणि तरीही तहसील झाली ती साकोली. ती का झाली, आणि झाल्यावर त्या गावाची प्रकृती कशी घडत गेली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नागपुराहून पूर्वेस निघालेला प्रवासी भंडाऱ्यास पोचून कारध्याजवळ वैनगंगा ओलांडतो, तेव्हा त्याच्यापुढे धानाच्या बांध्यांचा सपाट प्रदेश पसरलेला असतो. लाखनी मागे पडली की हा प्रदेश हळूहळू आपला वेश बदलू लागतो. मोहघाट्याचे जंगल दोन्ही बाजूंनी सडकेस भिडते, मोह, साग, तेंदू आणि ऐन यांची दाटी होते आणि ते जंगल ओलांडून आपण साकोलीस येतो. उत्तरेस गायखुरीच्या टेकड्या आहेत, ज्यांच्या कुशीत नागझिऱ्याचे अरण्य वसले आहे. दक्षिणपूर्वेस नवेगाव आणि प्रतापगडाकडील डोंगर आहेत. आणि या दोहोंच्या मधून, चुलबंद नदीच्या खोऱ्यातून, छत्तीसगडाकडे जाण्यास जी मोकळी वाट उरते त्या वाटेच्या तोंडाशी हे गाव उभे आहे. पूर्वपश्चिम जाणारास येथून जाण्यावाचून गत्यंतर नाही. आणि दक्षिणेकडील लाखांदूर-वडशाचा अथवा उत्तरेकडील एकोडी-तुमसरचा मनुष्य मोठ्या सडकेवर येऊ म्हणाला, तर त्यालाही हीच जागा सोयीची. सृष्टीने चौक आधीच आखून ठेवला होता; माणसांनी त्यावर खडी टाकली, एवढेच.

मात्र खडी टाकली जाण्यास बराच काळ जावा लागला. गोंड राजांच्या आणि पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळी या मुलखाचा कारभार लांजी, कामठा, प्रतापगड यांसारख्या ठाण्यांवरून आणि जंगलपट्टीतील जमीनदारांच्या हातून चाले. कटकपर्यंत ज्यांचा अंमल पोचला होता त्या भोसल्यांना पूर्वेचा रस्ता अर्थातच ठाऊक होता. पण तो काळ घोड्यांच्या टापांचा आणि बंजाऱ्यांच्या लादलेल्या बैलांचा होता, आणि बैलास सडक लागत नाही, पाणवठा लागतो. जेथे तलाव तेथे तांडा उतरे, आणि भंडाऱ्याच्या भूमीत तलावांचा तोटा कधीच नव्हता. म्हणून त्या काळच्या वाटा एका रेषेत न जाता तलावातलावांवरून वळसे घेत जात, आणि कोणत्याही एका गावास चौक म्हणून मिरवण्याचा अधिकार प्राप्त होत नसे.

१८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि त्याच्या पुढल्याच वर्षी सर रिचर्ड टेंपल हा तेथे चीफ कमिशनर म्हणून आला. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला हा गृहस्थ सडकांचा मोठा भोक्ता होता. प्रांत मोठा, जंगल उदंड, धान्याचे कोठार असलेला छत्तीसगड एका टोकास आणि बाजार दुसऱ्या टोकास, अशा स्थितीत राज्य चालवावयाचे तर प्रथम चाक फिरले पाहिजे, हे त्याने अचूक ओळखले होते. नागपुराहून भंडारा, साकोली, राजनांदगाव, रायपूर असे करीत संबलपुराकडे जाणारी जी सडक या धोरणातून पक्की होत गेली, तिला सरकारी कागदपत्रांत ग्रेट ईस्टर्न रोड असे भारदस्त नाव मिळाले. सामान्य जनांनी तिला नुसते सडक म्हटले, आणि तिच्या काठच्या गावांच्या नावांस तो शब्द कायमचा चिकटवून टाकला. सडक अर्जुनी, मुंडीपार सडक, जांभळी सडक ही गावे आजही आपल्या नावाच्या अन्य गावांपासून त्याच एका शब्दाने ओळखली जातात.

या सडकेचा खरा वैभवकाळ फार थोडा होता, आणि तो आगगाडीच्या दोन तारखांमध्ये बसवता येतो. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास येऊन थबकली आणि १८८२ साली नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावास पोचली. मधल्या पंधरा वर्षांत छत्तीसगडातील तांदूळ आणि गहू मुंबईच्या वाटेस लावण्याचे मुख्य साधन म्हणजे बैलगाडी, आणि बैलगाडीचा मुख्य मार्ग म्हणजे ही सडक. पावसाळा सरला, नद्यांचे पाणी उतरले, की पूर्वेकडून धान्याच्या गाड्यांच्या रांगा निघत आणि परतताना मीठ, कापड, लोखंड असा माल घेऊन जात. गाडीवानाची चाल दिवसाकाठी ठरावीक कोसांची. त्यामुळे सडकेच्या कडेने ठरावीक अंतरावर पडाव पडले, पडावावर विहीर आली, आंब्याची झाडे आली, फौजेस उतरावयास माळ राखला गेला, साहेबांसाठी बंगला आणि इतरांसाठी सराई आली. पडावावर वैरण विकणारा, बैलांना नाल मारणारा, धुऱ्या आणि आरे दुरुस्त करणारा सुतार, चणेफुटाणे भाजणारा आणि रात्री पहारा देणारा कोतवाल, एवढी मंडळी एकत्र जमली की गावाचे स्वरूप पालटू लागते. शेतीवर जगणारे गाव आभाळाकडे पाहते. पडावावरचे गाव रस्त्याकडे पाहते. साकोलीची मान त्या काळात जी सडकेकडे वळली ती आजतागायत तशीच आहे.

सडकेने आणलेला दुसरा पाहुणा म्हणजे सरकार. अंमलदारास डाक वेळेवर हवी, तिजोरी सुखरूप जावी, फौज हाकेच्या अंतरावर असावी. हे तिन्ही लाभ जेथे होतील तेथे कचेरी थाटावयाची हा इंग्रजी राज्याचा साधा हिशेब होता. रसेल यांनी संपादिलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ साली प्रसिद्ध झाले तेव्हा जिल्ह्यात तीन तहसिली होत्या : भंडारा, तिरोडा आणि साकोली. त्यांपैकी साकोलीची तहसील जंगलाने आणि जमीनदाऱ्यांनी व्यापलेली, विरळ वस्तीची आणि अवाढव्य पसरलेली होती. आज गोंदिया जिल्ह्यात असलेले अर्जुनी-मोरगाव, नवेगावबांध, प्रतापगड हे सारे तिच्या पोटात होते. या विस्तीर्ण प्रदेशात ज्याला म्हणून सरकारशी काही बोलावयाचे असेल, त्याने सडकेवरच्या या लहानशा गावी आले पाहिजे, अशी व्यवस्था झाली. लोकसंख्येच्या मानाने गाव लहान आणि अधिकाराच्या मानाने मोठे, ही विसंगती साकोलीच्या स्वभावाचा पाया आहे.

कचेरीभोवती त्या काळी काय चाले, याची कल्पना मध्यप्रांताच्या महसुली पद्धतीवरून सहज करता येते. १८६० नंतरच्या बंदोबस्तात गावोगावच्या पाटलांना आणि ठेकेदारांना मालगुजार म्हणून जमिनीची मालकी बहाल झाली. सरकारदेणे भरण्याची जबाबदारी त्यांची, आणि रयतेकडून वसूल करण्याचा अधिकारही त्यांचाच. जंगलपट्टीतले जमीनदार याहून निराळे. ते आपल्या टाकोळीची, म्हणजे ठरीव देण्याची, रक्कम भरून जवळजवळ लहान राजांसारखे वागत. वसुलाच्या हप्त्यास हे सर्व किंवा त्यांचे कारभारी तहसिलीत हजर होत. मालगुजार रेंगीतून येई, बैलांच्या गळ्यात घुंगूरमाळा वाजत. त्याच्या मागून बंडीत कारकून, तांदळाची पिशवी आणि स्वयंपाकाचा आचारी. पटवारी खसरा आणि नकाशा बगलेत मारून येई. ज्याची बांधी शेजाऱ्याने कोरली तो, ज्याच्या बैलाला कोंडवाड्यात घातले तो, ज्याला निस्ताराच्या, म्हणजे घरगुती गरजेपुरत्या, हक्काने जंगलातले लाकूड तोडू दिले नाही तो, असे नाना प्रकारचे फिर्यादी पायी चालत येत, आणि कचेरीसमोरच्या झाडाखाली बसलेल्या अर्जनवीसापुढे उकिडवे बसून आपली हकीकत गोंडीत अथवा झाडीबोलीत सांगत. अर्जनवीस ती ऐकून घेई आणि दरबारी भाषेत कागदावर उतरवी. फिर्यादीचे दुःख आणि कागदावरचे दुःख यांत किती साम्य उरत असेल, हा प्रश्न त्या झाडाखाली कोणी विचारला नसावा.

एका दिवसात काम आटोपणे ही गोष्ट कोणत्याच राजवटीत कचेरीच्या प्रकृतीला मानवलेली नाही. तेव्हा फिर्यादीस मुक्काम पडे. मुक्काम पडला की शिधा लागे, शिधा लागला की दुकान लागे, आणि पुढल्या तारखेपर्यंत पैसा लागला की सावकार लागे. गावात वाणी, मारवाडी, कच्छी असे जे व्यापारी हळूहळू स्थिरावत गेले, त्यांच्या पेढ्यांच्या पायात तहसिलीच्या तारखांचा हिस्सा धानाच्या उलाढालीपेक्षा कमी खचित नसेल. तहसीलगावाची बाजारपेठ अशीच उभी राहते, आणि याच कारणाने ती कधी फार मोठीही होत नाही. तिचे गिऱ्हाईक काही तरी विकत घेण्यासाठी आलेले नसते, ते अडकून पडलेले असते.

आगगाडीने साकोलीला टाळले, ही तिच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना होय. नागपुराहून पूर्वेस जाणारा लोहमार्ग भंडारा शहराला वरठीजवळ दुरूनच रामराम करून तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया असा उत्तरेच्या सपाटीने गेला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला, आणि पुढे तो थेट हावड्याला भिडला. धान्याच्या गाड्यांच्या रांगा सडकेवरून एकाएकी विरळ झाल्या. जे गोंदिया सडकेच्या काळात कोणाच्या खिजगणतीत नव्हते, ते रेल्वेचे जंक्शन झाले, तेथे तांदळाच्या गिरण्या आणि विडीचे कारखाने उभे राहिले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्याने तिरोड्याच्या हातची तहसीलही आपल्याकडे ओढून घेतली. दुसरी संधी आली ती गोंदियाहून चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपुराकडे, जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रूपाने. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ती गाडी ग्रेट ईस्टर्न रोडला छेदून गेली खरी, पण साकोलीस नव्हे, पूर्वेस कोस-दोन कोसांवरील सौंदड येथे. दोनदा आगगाडी आली आणि दोन्ही वेळा शेजारून गेली.

साकोलीकर याविषयी अद्यापि हळहळतात. माझे मत मात्र किंचित निराळे आहे. आगगाडी आली असती तर साकोली बहुधा दुसरे गोंदिया झाली असती, आणि गोंदियाच्या जवळच दुसऱ्या गोंदियास वाव किती होता हा प्रश्नच आहे. आगगाडी न आल्यामुळे सडक साकोलीवाचून दुसऱ्या कोणाचीच राहिली नाही. रुळांपासून दूर पडलेल्या दक्षिणेकडील साऱ्या मुलखाला, म्हणजे लाखांदूर, वडसा आणि त्यापलीकडील आरमोरी-गडचिरोलीच्या दिशेला, नागपूर-रायपूर सडकेवर चढण्याचे एक द्वार म्हणून साकोलीचे महत्त्व टिकले. आणि मोटारीचे युग आले तेव्हा ज्या गावाकडे रूळ नव्हते त्याच गावाकडे चौक शाबूत होता.

मधल्या काळात दुष्काळ येऊन गेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांतातील धानाचे जिल्हे होरपळून निघाले. धान हे पीक मोठे मानी आहे. शेवटचे पाणी चुकले की ते सारे वर्ष परत करते. सरकारने दुष्काळी कामे काढली ती मुख्यत्वे सडकेची खडी फोडण्याची आणि तलावांच्या पाळी उंचावण्याची, आणि ज्या सडकेवरून पूर्वी धान्य वाहिले त्याच प्रकारच्या सडकांवर धान्यावाचून आलेली माणसे दगड फोडीत बसली. त्या काळच्या प्रशासनावर लिहिताना सडकेचे गुणगान करणारे लेखक हे दृश्य सोडून देतात, म्हणून येथे त्याचा उल्लेख केला.

चौकावर राहणाऱ्या माणसांची घडण कोणत्याही एका जातीची वा एका भाषेची राहू शकत नाही. साकोलीच्या आसमंतात कोहळी आहेत, ज्यांच्या पूर्वजांनी बांध घालून, बोड्या आणि तलाव खोदून या जिल्ह्यास त्याची आजची मुद्रा दिली. पोवार आणि कुणबी आहेत. जंगलाच्या कडेने गोंडांच्या वस्त्या आहेत. तलावांत जाळे टाकणारे आणि शिंगाडे लावणारे धिवर आहेत. तेली, कोष्टी, गोवारी आहेत. आणि पूर्वी महार म्हणून गावकुसाबाहेर ठेवलेला, १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा झाल्यानंतर बौद्ध झालेला मोठा समाज आहे, ज्याच्यापाशी शिक्षणाची आच या भागात कदाचित सर्वांहून अधिक आढळते. यांच्यात सडकेने आणून सोडलेले व्यापारी, कारकून, शिक्षक, मोटारीचे मिस्त्री आणि पूर्वेकडून मजुरीस आलेले छत्तीसगडी मिळाले. बाजारात उभे राहिले की एकाच भावाच्या घासाघिशीत झाडीबोली, वऱ्हाडी वळणाची मराठी, हिंदी आणि छत्तीसगडी ऐकू येते, आणि कोणालाच दुभाषा लागत नाही.

या झाडीबोलीचे आणि साकोलीचे नाते विशेष आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या काही भागांत पसरलेली ही बोली पुण्यामुंबईच्या मराठीस दीर्घकाळ ठाऊकच नव्हती. ज्यांना ठाऊक होती त्यांनी तिला अशुद्ध मराठी मानून वर्गाबाहेर उभे केले. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य वेचून या बोलीचा अभ्यास केला, तिचे शब्द, तिचे व्याकरण, तिच्यातील दंडारीसारखे लोकनाट्यप्रकार यांची नोंद केली, आणि झाडीबोलीच्या साहित्यिकांची संमेलने भरविण्याची परंपरा त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. हे कार्य एखाद्या विद्यापीठाच्या नगरात न होता सडकेवरच्या एका तहसीलगावी व्हावे, यात मला आश्चर्य वाटत नाही; ज्या चौकात चारी दिशांची बोली कानावर येते तेथेच आपल्या बोलीचे वेगळेपण प्रथम ध्यानात यावयाचे.

दिवाळी सरली की या भागात मंडईचे दिवस येतात. गावोगाव बाजार भरतो, लेकी माहेरी येतात, रात्रभर दंडार, खडी गंमत, नाटक चालते. पुढे संक्रांतीस चुलबंदच्या काठी कुंभलीला दुर्गाबाईच्या डोहावर यात्रा लोटते, लाखनीस शंकरपटात बैलजोड्या धावतात, आणि महाशिवरात्रीस प्रतापगडची यात्रा भरते. या सर्व यात्रांचा साकोलीस देवधर्माहून निराळाही लाभ होतो; कोणतीही यात्रा कोणत्याही दिशेस असो, काही भाविक चौकातूनच जातात. १९७२ च्या सुमारास अर्जुनी-मोरगावच्या बाजूस गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली, तेव्हापासून नागपूरच्या वाटेवर लाल वस्त्रांतले लामाही या भागास अपरिचित राहिले नाहीत, आणि चौकाने त्यांच्याकडे फार काळ टक लावून पाहिले असे कोणी सांगत नाही.

जंगलाने या गावास जे दिले त्यात तेंदूचे पान प्रथम येते. उन्हाळ्याच्या तोंडी झुडपांना कोवळी पालवी फुटते, पहाटेपासून बायाबापडी रानात जातात, पाने खुडून पुडे बांधतात आणि फडीवर आणून देतात. मोहफुले, टोळी, चारोळी, हिरडा, डिंक यांचाही व्यापार याच ऋतूच्या मागेपुढे चाले. विडीच्या धंद्याने या जिल्ह्यात शेतमजुराच्या बायकोच्या हाती रोख पैसा प्रथम दिला आणि कारखानदाराच्या हाती अपरिमित पैसा दिला; १९६९ च्या कायद्याने पानांच्या व्यापारावर राज्याचे नियंत्रण आले, तोवर हा व्यवहार बव्हंशी ठेकेदारांच्या मर्जीवर चाले. त्या अपरिमित पैशातला काही भाग शिक्षणाकडे वळला, हेही नमूद केले पाहिजे. विडी उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली, आणि आज साकोलीत त्यांच्याच नावाचे महाविद्यालय आहे. कृषी विद्यापीठाच्या येथील संशोधन केंद्राने निर्माण केलेल्या धानाच्या जाती तर साकोली ६, साकोली ७, साकोली ८ अशा गावाचेच नाव घेऊन बांध्यांत उतरल्या. लुचई आणि चिन्नोर यांच्या प्रदेशात आपल्या नावाचे धान पिकावे, हे भाग्य किल्लेवाल्या गावांना लाभलेले नाही.

राजवटी मात्र चौकावरून वाऱ्यासारख्या गेल्या. १९५० साली मध्यप्रांत व वऱ्हाडाचे मध्यप्रदेश झाले; १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव मालगुजारांच्या हातून सरकारच्या हाती गेले, ज्यांना आज माजी मालगुजारी, संक्षेपाने मामा तलाव म्हणतात; १९५६ साली जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. साकोलीकराच्या दृष्टीने या उलथापालथीचा प्रत्यक्ष पुरावा म्हणजे मोटारगाडीवरच्या अक्षरांत झालेला बदल. नागपूरची प्रांतिक परिवहन सेवा जाऊन एस. टी. आली, हमरस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला, हजिऱ्याहून कोलकात्याकडे जाणाऱ्या मालमोटारी रात्रंदिवस चौकातून धडधडू लागल्या, आणि पडावावर नाल मारणाऱ्याच्या जागी टायर जोडणारा बसला. धंदा तोच, चाक निराळे.

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. साकोलीच्या जुन्या तहसिलीतून अर्जुनी-मोरगाव, सडक अर्जुनी हा पूर्वेचा भाग तिकडे गेला. लाखांदूर आणि लाखनी हे स्वतंत्र तालुके झाले. ज्या सौंदड स्थानकावर साकोलीकर गाडी पकडीत ते स्थानकही दुसऱ्या जिल्ह्यात गेले. इतका मोठा प्रदेश हातचा गेल्यावर एखादी राजधानी उजाड झाली असती. साकोलीचा बाजार त्याने बसला नाही, कारण त्या बाजाराची मदार हद्दीवर नसून वाटेवर होती. शेजारचे सेंदूरवाफा आणि साकोली मिळून आता एक नगरपरिषद झाली आहे.

या गावाचे दोष सांगितले नाहीत तर त्याच्यावर अन्याय होईल. चौकावरच्या गावाला स्मृती थोडी असते. जो आला तो आपला म्हणण्याच्या सवयीत जो गेला त्याची आठवण ठेवण्याची सवय मोडते. जुनी घरे, जुन्या विहिरी, पडावाची आमराई यांविषयी आस्था उरत नाही, आणि सडकेच्या प्रत्येक रुंदीकरणात त्यांतले काही ना काही निमूटपणे जाते. शिवाय सडकेवर जगणारे गाव सडकेकडूनच सारे काही येईल अशी वाट पाहत बसते. २०१३ साली तालुक्यातील मुंडीपार येथे सौर उपकरणांच्या मोठ्या कारखान्याची कोनशिला बसली. जमिनी गेल्या, कारखाना आला नाही. दरम्यान तालुक्यातील तरुण नागपूरच्या आणि रायपूरच्या कारखान्यांकडे त्याच चौकातून निघून गेले.

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी घडल्या आहेत, ज्यांनी दीडशे वर्षांची ही घडण प्रथमच हलवली. महामार्ग, ज्याचा क्रमांक आता ५३ आहे, चौपदरी झाला. नागझिऱ्याचे अभयारण्य तसे १९७० चे, पण २०१३ साली नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, आणि या दोन अरण्यांमधून वाघाला ये-जा करता यावी म्हणून मोहघाट्याच्या जंगलात सडकेखालून भुयारी मार्ग ठेवावे लागले. टेंपलसाहेबाची सडक जंगल दुभंगत गेली तेव्हा वाघास कोणी विचारले नव्हते. आता सडकेला वाघाचा विचार करून उंच व्हावे लागले, ही सुधारणा म्हणावी लागेल. दुसरी गोष्ट म्हणजे साकोलीच्या चौकावरचा उड्डाणपूल. पूर्वपश्चिम जाणारा मनुष्य आता गावाच्या डोक्यावरून जातो. त्याला साकोली लागली हे फलकावरून समजते, न समजले तरी त्याचे काही अडत नाही. पूर्वी मुक्काम करणारा फिर्यादी आणि बैल सोडणारा गाडीवान गेला, त्यानंतर चहासाठी थांबणारा मोटारवालाही आता कमी झाला. आगगाडीने शेजारून जाऊन जे केले नाही ते पूल वरून जाऊन करील, अशी भीती खालच्या दुकानदारांस वाटते. ती अगदीच निराधार नाही. परंतु लाखांदूर-वडशाच्या आणि एकोडीच्या वाटेस लागणाऱ्याला आजही खालीच उतरावे लागते, आणि माझ्या मते साकोलीचे पुढील जीवन आता मोठ्या सडकेपेक्षा या दोन आडव्या वाटांवर अधिक अवलंबून राहील. त्या वाटांवरची गावे, तेथला धान, तेथले तलाव आणि तेथली शाळेत जाणारी मुले यांच्याकडे गावाने आजवर पाठ करून ठेवली होती.

एक विनंती करून हा लेख पुरा करतो. तहसिलीच्या दप्तरांत मालगुजारी काळच्या मिसली, खसरे, निस्तारपत्रके आणि वाजिब-उल-अर्जांच्या प्रती जेथे म्हणून शिल्लक असतील, आणि जुन्या मालगुजार व व्यापारी घराण्यांच्या माळ्यावर ज्या वह्या पडून असतील, त्यांच्या नकला साकोलीच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वाळवी आणि रुंदीकरण पोचण्यापूर्वी करून घ्याव्यात. आणि सडकेवर बैलगाडी हाकलेले, छोट्या गाडीने सौंदडहून चांद्याकडे गेलेले जे वृद्ध आज हयात आहेत त्यांच्याकडून त्यांच्याच बोलीत हकीकती उतरवून घ्याव्यात. या कामास फार मोठ्या खर्चाची गरज नाही, आणि ते करण्यास बाहेरून कोणी येणार नाही.